ज्याला जे पचतं

कोंबड्यांच्या पोटात काय चाललं आहे ते पाहणं ही केतकी वाघमोडेची नोकरी होती. सांगलीबाहेरच्या एका कुक्कुट संशोधन केंद्रात ती आहारविभागात होती. पूर्वी असली चाचणी करायची तर पक्षी मारून आतडं उघडावं लागे. आता हरभऱ्याएवढी एक गोळी खाद्याबरोबर गिळवली की ती आतड्याच्या भिंतीला चिकटून बसे आणि आतली खबर बाहेरच्या पडद्यावर पाठवत राही. कोणत्या कोंबडीने कोणता घास किती पचवला आणि किती तसाच टाकून दिला, ते केतकीला बसल्या जागी दिसे.

त्या वर्षी काम होतं सेंद्रिय खाद्याचं. सेंद्रिय अंड्यांना शहरांत मागणी होती, पण या खाद्यात कारखान्यात बनवलेली अमिनो आम्लं घालायला बंदी होती. करडईची पेंड, ज्वारी, हुलगे, तांदळाचा कोंडा, यातूनच कोंबडीने सगळं मिळवायचं. पांढऱ्या संकरित कोंबडीला ते जमत नव्हतं. रोज अंडं घालण्यासाठीच घडवलेली ती. खाद्य तिच्या आतड्यातून धावत बाहेर पडे. प्रथिनं कमी पडली की या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खात, आणि पिसं संपली की खालची कातडी टोचत. ब्रॉयलर तर उभेच राहू शकत नव्हते. गावरान त्यातल्या त्यात बऱ्या होत्या, पण कोंडा त्याही जसाच्या तसा टाकत.

केतकीचा थोरला भाऊ बिरू आटपाडीकडच्या माळावर मेंढरं आणि कोंबड्या राखून होता. त्याच्याकडच्या उघड्या मानेच्या तांबूस कोंबड्या तिने चाचणीसाठी आणल्या, त्यामागे विशेष काही विचार नव्हता. गावरानाचा आणखी एक नमुना, एवढंच. आठवड्याभरात पडद्यावर जे दिसलं त्यावर तिचा विश्वास बसेना. तिने गोळ्या बदलून पाहिल्या, यंत्र बदलून पाहिलं. या कोंबड्या कोंडा पचवत होत्या. टरफलं, काड्या, सगळंच.

ही करामत कोंबडीची नव्हती. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाला दोन बंद पिशव्या असतात. बिरूच्या कोंबड्यांच्या त्या पिशव्यांत एक जिवाणू राहत होता. तो कोंड्यातला चिवट धागा तोडायचा, आणि तोडता तोडता स्वतःच्या अंगात कोंबडीला हवी ती अमिनो आम्लंही तयार करायचा. केंद्रप्रमुख डॉ. मकरंद ओक यांनी तो पांढऱ्या कोंबडीत रुजवायचा खूप प्रयत्न केला. तिथे तो टिकेना. तिच्या धावत्या आतड्यातून तो वाहून जायचा. त्याला संथ आतडं हवं होतं. मग कुणीतरी माणसाच्या मोठ्या आतड्याची काचेतली प्रतिकृती आणून त्यात तो सोडला. तिथे तो घरच्यासारखा वाढला.

पोल्ट्रीच्या कामात हा शोध एक गंमत म्हणून पडून राहिला असता. पण त्याच हिवाळ्यात उत्तरेत गव्हावर नव्या जातीचा तांबेरा रोग पडला. पुढच्या वर्षी तो परत आला, आणि भातही करपला. रेशन अर्धं झालं, मग पाव. उसाच्या जागी धान्य लावलं गेलं आणि साखरही दिसेनाशी झाली.

केतकी माळावरच्या वस्तीवर गेली तेव्हा भावाची मुलगी ओवी तिला बिलगली. केतकीने सवयीने तिच्या केसांतून हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. पोरीचे केस पातळ होऊन तांबडे पडायला लागले होते. प्रथिनांच्या उपासाने केस असे होतात हे तिने पुस्तकात वाचलं होतं, आणि पिसांच्या बाबतीत रोज पाहत होती.

परत आल्यावर ती ओकांच्या खोलीत गेली. त्यांना वरून फोन येऊन गेला होता. जिवाणूचा डोस माणसांना देऊन पाहायला मंजुरी मिळत होती.

"सर, एक गोष्ट राहिलीय," केतकी म्हणाली. "परवा चाचणीतल्या दोन तांबूस कोंबड्या कँटीनमागे गेल्या होत्या. पाहुण्या साहेबांच्या वाढदिवसाचा केक खराब होऊन टाकलेला, तो त्यांनी खाल्ला. दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खात होत्या. एक मेली."

"केकनं?"

"साखर एकदम पडली की हा जिवाणू भराभर आम्ल तयार करतो. साधं लॅक्टिक आम्ल असतं तर शरीरानं जिरवलं असतं. हे त्याचंच उलटं रूप आहे, आरशात दिसावं तसं. ते शरीराला लवकर जिरवता येत नाही. मेंदूवर चढतं."

ओक वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माणसात किती चढेल?"

"नाही माहीत. पाहायला वेळ लागेल."

"वेळ," ओक म्हणाले. "केतकी, तुमच्या भावाच्या वस्तीवर आज साखर कुणाच्या घरात आहे? गूळ तरी? आधी पोटात काहीतरी जाऊ दे. साखर परत मिळायला लागेल तोवर आपण यावर उपाय काढू."

केतकीला ओवीचे केस आठवले. ती नाही म्हणाली नाही. उलट पहिली वस्ती तिनेच सुचवली, भावाची.

बिरोबाच्या देवळापुढच्या मांडवात डोस दिले गेले. गढूळ पाणी, लहानशा कपात. बिरूने कप नाकाजवळ नेला.

"आमच्याच कोंबडीच्या पोटातलं हाय म्हण की!"

"हो दादा."

"मग काय, घरातल्या घरातच हाय." तो हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "तू सांगतीस म्हणून घेतो, केतके."

तिने सगळ्यांना बजावून सांगितलं की यापुढे गोड खायचं नाही, मैदाही नाही. वहिनी, मंगल, म्हणाली, "ताई, गोड बघून दोन वर्सं झाली. सांगायची गरज न्हाई."

ओवीने कप रिकामा केला आणि तोंड वाकडं करत विचारलं, "आत्या, तू नाही घेणार?"

"मला शहरात मिळतंय गं अजून धान्य," केतकी म्हणाली.

सुरुवातीला सगळ्यांची पोटं फुगली. वस्तीवर त्यावरून चेष्टामस्करी चालली. मग पोटं बसली, आणि कोंड्याच्या भाकरीवर माणसं उभी राहू लागली. होळीच्या सुमारास ओवीच्या केसांची मुळं काळी दिसायला लागली. बिरूचा फोन आला. "कार्टी चिंचंवर चढून बसलीया, खाली यायला तयार न्हाई," तो तक्रार करत होता, आणि आवाजात एवढा आनंद होता की केतकी फोन ठेवून एकटीच रडली. ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. रस्त्याने चालताना तिला वाटायचं की आपण शिकलो त्याचं सार्थक झालं.

पावसाळ्याआधी बिरूचा पुन्हा फोन आला. या वेळी तो आस्ते बोलत होता.

"केतके, रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ बंद केलंय."

"सगळ्यांचं?"

"न्हाई. डोस घेतलेल्यांचं. कार्डावर शिक्का मारला. त्याऐवजी पोतं दिलंय. पोत्यावर कोंबडीचं चित्र हुतं, त्याच्यावर काळी शाई फिरवलीया."

ती दुसऱ्या दिवशीच गेली. पोत्याचं तोंड सोडताच वास आला आणि हात घालायचीही गरज उरली नाही. करडईची पेंड, हुलग्याचा चुरा, तांदळाचा कोंडा. प्रमाण तिने स्वतः बसवलेलं होतं. अंड्याच्या कवचासाठी घातलेली शिंपल्यांची पूड फक्त काढून टाकली होती.

केंद्रात परतली तेव्हा ओक तिची वाटच पाहत असल्यासारखे बसले होते.

"सर, हे उपाशी राहू नये म्हणून होतं. असलेलं धान्य काढून घेण्यासाठी नव्हतं."

"धान्य आहेच किती? ते कुठंतरी द्यायचं म्हणजे कुठूनतरी काढायचं."

"कुठं दिलं?"

ओकांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "पोल्ट्रीला गेलं. पांढऱ्या कोंबडीला कोंडा पचत नाही, हे तुमच्याच चाचणीत निघालं. तिला मका लागतो, गहू लागतो. अंडी बंद झाली तर शहरात काय होईल याची वर भीती आहे."

"म्हणजे माणसाचं धान्य कोंबडीला, आणि कोंबडीचं खाद्य माणसाला."

"ज्याला जे पचतं ते त्याला," ओक म्हणाले. "मी नाही ठरवलं हे. पण हिशोब चुकीचा आहे असंही मला म्हणता येत नाही, केतकी. तुम्हाला येत असेल तर सांगा, मी वर कळवतो."

हिशोब खरंच चुकीचा नव्हता.

मग ती उलट्या बाजूने कामाला लागली. जिवाणू काढून टाकता आला तर शिक्काही पुसता येईल. तिने एकेक प्रतिजैविक वापरून पाहिलं. औषध चालू असेपर्यंत जिवाणू नाहीसा होई, पण जाण्यापूर्वी तो स्वतःभोवती टणक कवच बांधून बी होऊन बसे आणि औषध थांबलं की पुन्हा उगवे. एकदा पोटात गेलेला तो कायमचाच होता.

यात काही वर्षं गेली. ओवी दहावी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी आत्याकडे सांगलीला राहायला आली. हुशार, बडबडी, उंच होत चाललेली मुलगी. तिच्यासोबत महिन्याचं पोतंही आलं. केतकीने त्याच्या भाकऱ्या करायला शिकून घेतलं. ताट मात्र एक होईना. एकीकडे वरणभात, दुसरीकडे ती काळपट भाकरी आणि पालेभाजी. केतकी स्वयंपाकघरात ओट्याशी, पाठमोरी उभी राहून जेवायला लागली.

"आत्या, इकडे ये ना," एकदा ओवी म्हणाली. "माझ्यासमोर जेव. मला बघायला आवडतं."

केतकी ताट घेऊन तिच्यासमोर बसली.

"आई म्हणते, चव विसरायची. मी नाही विसरले," ओवी म्हणाली. "विसरले असते तर बरं झालं असतं ना?"

शहरात तोवर डोस घेतलेल्यांना नाव पडलं होतं. कोंडेवाले. ज्यांच्या कार्डावर शिक्का नव्हता ते कोंडेवाल्यांना जेवायला बोलवत नसत. कारण तब्येतीचं सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. लग्नांत मांडवाच्या एका टोकाला वेगळी पंगत बसू लागली. खानावळींनी वेगळी भांडी ठेवली. कोंडा शिजवलेल्या भांड्याला वास राहतो असं त्या म्हणत. हळूहळू मुली बघायला येणारे कार्डही बघू लागले. केतकीच्या आजीने असल्या वेगळ्या पंगती पाहिल्या होत्या आणि त्या संपताना पाहिल्या होत्या. या पंगतीत मात्र जात विचारत नव्हते. पोट विचारत होते.

कॉलेजात ओवीने कुणाला सांगितलं नाही. डबा ती एकटीच कुठेतरी खाऊन येई. ईशा नावाची तिला एक मैत्रीण झाली. दिवाळीत ईशाच्या आईने तिला फराळाला बोलावलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच दुकानांत पुन्हा थोडी साखर आली होती आणि ज्यांना मिळाली त्यांनी घरं भरून फराळ केला होता. ईशाच्या आईने ओवीपुढे ताट ठेवलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कदाचित नुसती तेवढीच गोष्ट नसेल. ओवी सोळा वर्षांची होती, आणि समोर करंज्या होत्या, चिरोटे होते, वाटीत बासुंदी होती.

दुपारी ती ईशाच्या घरून निघाली. बसथांब्याजवळ तिचा तोल जाऊ लागला. जीभ जड झाली. लोकांनी पाहिलं, एक तरुण मुलगी भरदिवसा झोकांड्या खातेय. एकाने व्हिडिओ काढला. दोन रिक्षावाल्यांनी घ्यायला नकार दिला. शेवटी एका भाजीवालीने तिला हाताला धरून रुग्णालयात नेलं, आणि तिथे नशा उतरेपर्यंत म्हणून तिला बाकावर बसवून ठेवलं.

केतकी पोचली तेव्हा ओवी भिंतीला डोकं टेकून जोरजोरात श्वास घेत होती.

"काय खाल्लंस? ओवी, बाळा, काय खाल्लंस?"

ओवीने डोळे उघडले. नजर ठरत नव्हती. "आत्या, बासुंदी होती," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली.

केतकीने तरुण डॉक्टरला गाठलं आणि सगळं सांगितलं, जिवाणू, साखर, उलटं आम्ल. त्याने ऐकून घेतलं. तपासणीही केली. पण रुग्णालयातलं यंत्र लॅक्टिक आम्लाचं साधं रूपच ओळखत होतं. उलट्या रूपाला ते आंधळं होतं. अहवाल चांगला आला.

"ताई, हिचं लॅक्टिक आम्ल बरोबर आहे. मुली हल्ली गोळ्याही घेतात, तुम्हाला माहीत नसतं."

"मी तो जिवाणू शोधलाय, डॉक्टर!" केतकी ओरडली.

तो तिच्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला. सलाइन लागलं. जे औषध आतड्यातच जिवाणूला आवरू शकलं असतं ते वॉर्डात नव्हतं, आणि आणेपर्यंत ओवीचा श्वास मंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

बिरू मुलीला न्यायला आला तेव्हा बहिणीशी एक शब्द बोलला नाही. मंगल बोलली. "तुम्ही सांगितलं हुतं, गोड खायाचं न्हाई. पोर हाय ती, तिला काय कळतंय," ती म्हणाली. तिने केतकीला दोष दिला नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकवेना.

तेराव्याला केतकी वस्तीवर गेली. शहरातून आलेले नातेवाईक आपापले डबे घेऊन आले होते आणि झाडाखाली वेगळे बसले. वस्तीची पंगत देवळापुढे. केतकी तिथे जाऊन बसली. मंगल भाकरीची टोपली घेऊन वाढत आली, तिच्यापुढे आली आणि न वाढता पुढे गेली.

"वहिनी, मला वाढा."

"तुम्हाला न्हाई पचायचं, ताई," मंगल म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिकडं बसा. तुमची माणसं तिकडं हायती."

केतकी उठली. कुठल्याच पंगतीत न बसता एसटी पकडून परत आली.

आठ दिवसांनी तिने केंद्रात जाऊन डोस घेतला. परिचारिकेने नियमाप्रमाणे तिच्या हातात कप देऊन फोटो काढला. तिचं पोट फुगलं, दुखलं, मग बसलं. तिच्याही कार्डावर शिक्का पडला. पोतं घेऊन ती माळावर गेली आणि भावाच्या दारात उतरवलं.

बिरू बाहेर आला. त्याने पोत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कशापायी केलंस?"

"तुझ्याबरोबर जेवायला, दादा."

त्याने पोतं आत घेतलं. मंगलने भाकऱ्या टाकल्या. कोंड्याची भाकरी केतकीने हजारदा केली होती. आज ती तिने पहिल्यांदा खाल्ली. घशाला ओरखडे काढत ती खाली उतरली. बिरूने आपली भाकरी मोडून अर्धी तिच्या ताटात टाकली. लहानपणी टाकायचा तशी. मग त्याने मान फिरवली आणि त्याचे खांदे हलू लागले. ओवी गेल्यानंतर तो तोवर रडला नव्हता.

महिनाभरात योजना आणखी पाच जिल्ह्यांत गेली. ओवीचा मृत्यू कुठल्याच अहवालात जिवाणूच्या नावावर नव्हता. अज्ञात मादक पदार्थ, असं लिहिलं गेलं होतं. केतकीने राजीनामा दिला आणि गावोगाव जाऊन लोकांना सांगायचं ठरवलं. मंगल म्हणाली, "मीबी येते." दोघी निघाल्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत डोसचा दिवस होता. फाटकापाशी आया मुलांना घेऊन रांगेत उभ्या होत्या. मुलांचे दंड काटक्यांसारखे होते. केतकीने पहिल्याच बाईला थांबवलं आणि सांगायला सुरुवात केली. धान्य बंद होईल, कायमचं. साखर विष होईल. हे पोटात गेलं की परत निघत नाही. शेजारी मंगल उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माझी लेक गेली यात."

बाई ऐकत होती. पायाशी बसलेल्या मुलाचा हात तिने घट्ट धरला होता. मग तिने केतकीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, वळून फाटकाकडे पाहिलं, आणि पुन्हा केतकीकडे.

"ह्या तुम्हीच न्हवं?"

फाटकावर मोठा फलक लावला होता. त्यावर केतकी होती, हातात कप धरलेली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञ स्वतः घेतात.'

"तो फोटो माझाच आहे. पण तो त्यासाठी नव्हता," केतकी म्हणाली. "ऐका, मी माझ्या भावासाठी..."

"घेतलंय का न्हाई तुम्ही?"

केतकीने मंगलकडे पाहिलं. मंगल खाली मातीकडे पाहत होती.

"घेतलंय," केतकी म्हणाली.

"आणि जिवंत हायसा."

"हो."

"माझं पोरगं कालपासून उठंना, बाई," ती म्हणाली. "हे बघा. उभं केलं तर पडतंय."

तिने मुलाला कडेवर घेतलं. पुढची बाई सरकली होती, रांगेत फट पडली होती. ती फट भरायला बाई दोन पावलं पुढे गेली, आणि तिच्यामागून बाकीची रांगही.